मंडळीच्या दाढ्या

मोरपीस हे काही त्याचं बाप्तिस्म्याचं नाव नव्हतं. देहाने तो कपाटाएवढा. चालायला लागला की सलूनच्या फळीवरच्या बाटल्या एकमेकींना टेकायच्या. पण वस्तरा हातात घेतला की गालावरून काही फिरतंय हे गिऱ्हाइकाला कळतही नसे, म्हणून कुणीतरी त्याला मोरपीस म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. त्यालाही ते मनापासून आवडायचं. चर्चमध्ये नम्रतेवर साक्ष द्यायची वेळ आली की तो सगळ्यांच्या आधी उभा राहायचा, पण दुकानाच्या पाटीवर मोरपिसाचं चित्र काढून घेताना नम्रता आडवी आली नव्हती.

बाजाराच्या टोकाला त्यांचं छोटं चर्च होतं आणि त्या मंडळीचा तो वडील होता, म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीने कारभार पाहणाऱ्या तिघांपैकी एक. दुकानात आरशाच्या वर त्याने एक पाटी लावली होती, माणसाच्या डोक्यावरचा केस न् केस देवाने मोजलेला आहे अशा अर्थाची. नवीन गिऱ्हाइकाला तो ती वाचायला लावायचा आणि म्हणायचा, "वर तो मोजतोय, खाली मी झाडतोय. माझ्यामुळे बिचाऱ्याला रोज संध्याकाळी पहिल्यापासून मोजावं लागतं." गिऱ्हाईक हसलं की त्याला वाटायचं, आज प्रभूची थोडी सेवा घडली.

अशा या मोरपिसाचा उजवा हात थरथरायला लागला.

सुरुवातीला फेसाचा ब्रश वाटीच्या काठावर वाजायचा, एवढंच. त्याने चहाला दोष दिला, चहा कमी केला. मग पंख्याला दिला, पंखा बंद केला, तर गिऱ्हाईक घामाघूम झालं आणि हात थरथरतच राहिला. मग म्हाताऱ्या पोस्टमास्तरांच्या कानाच्या पाळीला जरासं लागलं. पोस्टमास्तर हेही मंडळीचे वडील. "काही नाही रे, कान दोन आहेत," असं म्हणून ते निघून गेले. मोरपीस मात्र त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी आला आणि जेवला नाही.

कारण तो हात म्हणजेच त्याचं दुकान होतं. खुर्च्या, आरसे, बाटल्या कुणीही विकत आणेल. मानेशी वस्तरा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचा हात स्थिर नाही, ही गोष्ट एकदा बाजारात फुटली की कोण शहाणा समोर बसेल? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याने मूठ थेट खिशात घातली. रस्त्याने जाताना उजवा हात खिशात, प्रार्थनेला उभा राहिला की खिशात, पाळकसाहेबांशी हस्तांदोलन करायचं तर डावा पुढे. पाळकसाहेबांना वाटलं असेल, ही काहीतरी नवी रीत आहे.

त्याची बायको शाळेच्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करायची. तिला काही सांगावं लागलं नाही. "अहो, डॉक्टरला दाखवा," ती म्हणाली.

"मी प्रभूवर सोपवलंय," मोरपीस म्हणाला.

हे वाक्य फार सोयीचं असतं. ऐकणाऱ्याला पुढे काही बोलता येत नाही आणि म्हणणाऱ्याला जागचं हलावं लागत नाही. खरी गोष्ट एवढीच होती की मोरपीस घाबरला होता. डॉक्टर म्हणेल, हात गेला, धंदा बंद करा, ही ती भीती. त्या भीतीला विश्वासाचा कोट चढवून तो तिला दर रविवारी उपासनेला घेऊन जात होता, आणि कोट तिला इतका छान बसला होता की त्याचं त्यालाच कौतुक वाटायचं.

प्रार्थना मात्र तो मनापासून करायचा. "प्रभू, मी काही मोठा विश्वासू माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. पण घडवलंस तू, तेव्हा थोडी जबाबदारी तुझ्याकडेही येते. तू समुद्र दुभंगवलास. मी समुद्र मागत नाही. एक हात मागतोय, तोही मनगटापासून खालचा." मग तो सोयीसाठी कामाची पद्धतही सुचवायचा: सकाळी आधी अंगठा थांबव, दुपारपर्यंत बोटं, म्हणजे एकदम चमत्कार झाल्यासारखं वाटणार नाही आणि लोकांना संशय यायचा नाही. देवाला कामं वाटून देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

त्यातच दाढ्यांची साथ आली. आधी पाळकसाहेबांनी दाढी वाढवली. मग गॅरेजवाल्या मेकॅनिकने, मग पोस्टमास्तरांनी, मग चर्चमधल्या पेटीवाल्याने, ज्याच्या हनुवटीवर इथे चार केस तर तिथे सहा. बघता बघता मंडळीतले बहुतेक पुरुष जुन्या काळच्या संदेष्ट्यांसारखे दिसायला लागले. सगळे डोक्याचे केस कापायला यायचे, ते मशीनने भागायचं, आणि दाढीचं विचारलं की "राहू दे सध्या" म्हणायचे. दाढीची कामं घटल्यामुळे मोरपिसाचा जीव भांड्यात पडायचा आणि दाढीची कामं घटल्यामुळेच तो चिडायचाही. एकाच प्रार्थनेत तो त्याबद्दल आधी आभार मानायचा आणि मग तक्रार करायचा. "ही फॅशन तुलाच आवरायला हवी, प्रभू," तो म्हणायचा, "पेटीवाल्याला तर ती शोभतही नाही."

हे असंच रेटलं गेलं असतं, पण प्रभुभोजनाचा रविवार आला.

त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायचा, द्राक्षरस काचेच्या छोट्या छोट्या पेल्यांतून दिला जायचा. पितळेचा एक गोल ट्रे, त्याला भोकं, प्रत्येक भोकात एक पेला. वडिलांपैकी एकाने तो ट्रे घेऊन बाकांमधून फिरायचं आणि प्रत्येकाने आपापला पेला उचलायचा. या वेळी पेटी वाजत नाही, कुणी खोकतही नाही. ट्रे जराही हलला तर सगळे पेले किणकिणतात आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. मोरपीस काही महिने ही पाळी चुकवत आला होता. एकदा पाय मुरगळला, एकदा घसा बसला. ट्रे धरायला घसा कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही. पण या खेपेला तिसरे वडील, सुतारभाऊ, मुलीच्या बाळंतपणासाठी दूर गेले होते आणि पोस्टमास्तर काठी टेकत चालायचे. उरला मोरपीस.

त्याने घरी औषधाचे पेले ताटात मांडून स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत चालून पाहिलं. पलंगापाशी पोचेपर्यंत घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांसारखा आवाज झाला. बायको दारात उभी होती.

"काय चाललंय?"

"व्यायाम," मोरपीस म्हणाला.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये पेले धुवायची पाळी त्याच्या बायकोचीच होती. तो मदतीला म्हणून गेला. ती पेले पुसून, ट्रेमध्ये लावून बाजारात गेली आणि हा मागे राहिला. खिशातून त्याने एक गुंडाळी काढली. सलूनमध्ये केस आत जाऊ नयेत म्हणून गिऱ्हाइकाच्या मानेला जी मऊ, सुरकुतलेली कागदी पट्टी लावतात, तिची. बायकोने लावलेला एकेक पेला बाहेर काढून त्याने भोकाला आतून पट्टीचा वेढा दिला आणि पेला पुन्हा दाबून बसवला. ट्रे उचलून हलवला. गप्प. जोरात हलवला. तरीही गप्प. त्याने वर छताकडे पाहून डोळा मिचकावला. देवाने अक्कल दिलीच आहे तर ती वापरायला हवी, असा त्याचा त्या दिवशीचा सिद्धांत होता.

रविवारी सकाळी पाळकबाईंनी पेल्यांमध्ये द्राक्षरस ओतला. ओतताना थोडा सांडतोच, तसा सांडला. पट्ट्यांनी तो पोटभर प्यायला आणि त्या टम्म फुगल्या. वर पांढरं कापड घातल्यावर हे कुणाला दिसणार?

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, कापड काढलं आणि मोरपिसाच्या हातात ट्रे दिला. हात थरथरत होता, पण ट्रे मुका. मोरपिसाची छाती फुगली. तो नवरदेवासारखा एकेक पाऊल टाकत निघाला आणि मनात म्हणाला, धन्यवाद, प्रभू, तू ऐकलंस. कागद स्वतः घातला होता, हे तो त्या घडीला साफ विसरला होता.

पहिल्या बाकावर मोठ्या बाई बसायच्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या मंडळीला त्यांनी पाढे शिकवलेले. त्यांनी चिमटीत पेला धरला आणि उचलला. पेला आला नाही. त्यांनी पुन्हा उचलला. मग चष्म्यावरून मोरपिसाकडे पाहिलं.

"ओढा, बाई," मोरपीस कुजबुजला.

बाईंनी ओढला. पेल्याबरोबर अख्खा ट्रे त्या बाजूने वर आला. बाईंनी मग डाव्या हाताने ट्रे दाबला, उजव्याने पेला धरला आणि दात आवळून असा हिसका दिला की बाटलीचं बूच उडावं तसा तो सुटला. रस त्यांच्या नाकावर, चष्म्यावर आणि फिकट कपड्यांवर उडाला. पेल्यात थेंबभर उरला होता, तो त्यांनी भक्तिभावाने घेतला.

शेजारी मेकॅनिक होता. त्याने पेला पिळून पाहिला, बोल्ट काढतात तसा. "गंजलाय का रे?" तो हळूच म्हणाला. मागच्या बाकावर कुणाला तरी हसू फुटलं आणि ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न झाला. मोरपिसाने ट्रे घट्ट धरला, आणि घट्ट धरल्यामुळे हात आता उघड उघड हलायला लागला. पेले गप्प होते, पण प्रत्येक पेल्यातला रस नाचत होता. पेल्यांचा आवाज लपवायला निघालेल्या शहाण्याने हात अख्ख्या मंडळीच्या नाकासमोर आणून धरला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण मागे एवढे हट्ट धरल्यावर आता धरणीही मागायची त्याला लाज वाटली.

पाळकसाहेब खाली आले. "काय झालं?"

"कागद घातलाय मी. भोकांमध्ये."

"कशाला?"

"पेल्यांचा आवाज येऊ नये म्हणून."

पाळकसाहेब काही बोलले नाहीत. बोलले असते तर मोरपिसाने आणखी काहीतरी थाप मारली असती, त्याची तयारी होती. पण ते नुसते उभे राहिले, आणि त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"माझा हात थरथरतो," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. मी कुणाला सांगितलं नाही. मला फार भीती वाटते."

मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या.

"हात थरथरतो ते आम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला कागदाचं कळलं नाही."

मोरपीस आ वासून त्यांच्याकडे पाहत राहिला. मेकॅनिकने दाढी खाजवली. "अरे बाबा, मग हे जंगल आम्ही हौसेने वाढवलं असं वाटलं तुला? उकाड्याने जीव जातो. बायको जवळ बसू देत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पोस्टमास्तरांच्या कानाचं बघितलं सगळ्यांनी. दुसऱ्या सलूनमध्ये दाढी करायला गेलो असतो तर तुला कळलं असतं. तुझ्याकडे बसायचं, तर आम्हालाही बायकापोरं आहेत. मग पाळकसाहेबांनी वाढवली. कुणी कुणाशी काही बोललं नाही. एकाची बघून दुसऱ्याला कळलं."

मोरपिसाने मान वर केली आणि बाकांवरून नजर फिरवली. पांढऱ्या दाढ्या, काळ्या, करड्या, खुरटलेल्या. पेटीवाल्याने आपले चार आणि सहा केस हाताने झाकले. तो रोज आरशावरच्या पाटीखाली उभा राहून लोकांना विनोद ऐकवत होता आणि ही माणसं त्याच्यासाठी महिनोन् महिने तोंड खाजवत बसली होती. त्याने देवाला हात थांबवायला सांगितलं होतं. देवाने त्या बाबतीत काही केलेलं दिसत नव्हतं. पण मागितल्यापासून त्याच्या केसालाही धक्का लागू दिला नव्हता, आणि हा गडी त्यावर रोज वैतागून तक्रार करत होता. त्याला एकदम रडू आलं. डोळे पुसावेत तर दोन्ही हात ट्रेला, म्हणून ते तसंच गालांवरून खाली आलं.

"ट्रे टेबलावर ठेव आणि दाबून धर," पाळकसाहेब म्हणाले. "आज मंडळी तुझ्याकडे येईल."

एकेक जण पुढे आला. मोरपीस दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून ट्रे धरून होता, आणि एकेक जण आपापला पेला हिसडून काढत होता. असं प्रभुभोजन त्या चर्चमध्ये आधी झालं नव्हतं. पोस्टमास्तरांनी काठी त्याच्याच काखेत अडकवली आणि दोन्ही हात लावले.

घरी गेल्यावर बायकोने त्याची बिनपाण्याने केली. ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं.

"उद्या डॉक्टर," ती म्हणाली.

"मी प्रभूवर..."

"प्रभूने अख्ख्या मंडळीला दाढ्या ठेवायला लावल्या. आता तुम्ही दवाखान्यापर्यंत चालत जावं म्हणून त्याने आणखी काय करायचं?"

मोरपीस पाटावर बसल्या बसल्या विचार करत राहिला. सोपवलं, सोपवलं म्हणत त्याने सोपवलं काहीच नव्हतं. हात खिशात ठेवून देवाला म्हणत होता, घे. तो हे बायकोला म्हणालाही. ती म्हणाली, "आत्ता उजाडलं?" आणि भांडी घासायला उठली.

सोमवारी सकाळी डॉक्टरकडे जायचं तर दाढी करायला हवी. बाकी मंडळीने ठेवली तरी याच्या गालावर रोज वस्तरा फिरायचा, इभ्रतीचा प्रश्न होता. अलीकडे हनुवटीवर कापसाचे बोळे चिकटवून तो दुकानात जायचा आणि साबण बदलल्याचं सांगायचा. आज भीतीने हात नेहमीपेक्षा जास्त हलत होता. त्याने एक गाल कसाबसा उरकला, दुसऱ्याला फेस लावला आणि वस्तरा तसाच धरून आरशासमोर उभा राहिला. बायकोने येऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा."

"तुला येतं?"

"नाही. बसा."

तो बसला. "हे बघ, आधी कातडी ताणायची. वस्तरा आडवा नको, थोडा कलता. मनगट सैल ठेव. आणि कानापासून..."

"तोंड बंद ठेवा, नाहीतर कापेल."

त्याने तोंड बंद केलं. उजवा हात मांडीवर थरथरत होता. रोजच्या सवयीने डावा त्याला दाबायला निघाला. मग त्याने तो मागे घेतला आणि उजव्याला हलू दिलं. वस्तरा गालावरून खाली आला, खरखरत, अगदी नवशिक्यासारखा.

"डॉक्टरने सांगितलं की हात गेला, तर?" ओठ न हलवता त्याने विचारलं.

"तर गेला."

"मग आपण काय करायचं?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मान वर करा."

प्रार्थना करावी असं त्याच्या मनात आलं. नेहमीप्रमाणे पहिलं वाक्य सूचनेचं सुचलं, दुसरं अटीचं. ती दोन्ही त्याने सोडून दिली, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. त्याने मान वर केली. गळ्यावर पातं थंडगार टेकलं आणि हळूहळू वर सरकायला लागलं. हनुवटीच्या खाली ते अडखळलं.

"लागलं का हो?" बायकोने हात थांबवून विचारलं.

"लागलं," तो म्हणाला. "चालू दे."